एवरिदि? फॉल-पिकोच्या दुकानातून टीव्ही नाईन तेलुगू

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी टीव्हीकडे बघतं, मग माझ्याकडे. ब्लाउजपीस पिशवीतून बाहेर निघायच्या आत फर्मान सुटतं, "अक्का, चॅनेल मार्चंडि." म्हणजे चॅनेल बदला. आवाज कमी करा असं कोणी म्हणत नाही, बदलाच म्हणतात. काचीगुड्यात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाईचं दुकान आहे. भिंतीवर 32 इंची टीव्ही आहे, आणि रिमोट मी हुकांच्या डब्यात लपवून ठेवते. का लपवते, ते पुढे येईलच.

मी मूळची देगलूरची. 2003 च्या डिसेंबरात लग्न होऊन इथं आले आणि 2004 च्या जानेवारीत टीव्ही नाईन सुरू झालं. हैदराबादेत आम्ही दोघी बरोबरच नांदायला आलो म्हणा. देगलूरच्या बाजारात तेलुगू कानावर पडायचं, पण ते "एंत?", म्हणजे किती, असं विचारण्यापुरतं. वाचायचं म्हटलं तर एक अक्षर ओळखू येत नव्हतं. तेलुगू अक्षरं जिलेबीसारखी असं सगळे म्हणतात, मला ती हुक-काजासारखी दिसायची, एकाच्या पोटात दुसरं अडकवलेलं. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, जन्म इथलाच, मराठी बोलताना मध्येच "हौ" आणि "नक्को" येणारे. त्यांनी मला वर्गात घातलं नाही. टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाले, "त्या खालच्या पट्टीवर नजर ठेव सूनबाई, तेच तेच फिरतंय, कितीदा चुकशील?" खरंच, टीव्ही नाईनच्या पट्टीइतका चिकाटीचा मास्तर मला शाळेतही मिळाला नव्हता. मी स्वतः वाचलेला पहिला शब्द होता "ब्रेकिंग". दुसरा "न्यूज". दोन्ही इंग्रजी निघाले म्हणून सासरे पोट धरून हसले होते.

तर आता माल कसा आहे ते सांगते.

टीव्ही नाईनची पहिली खूण म्हणजे घाई. तबला-डग्गा फुटेल असं संगीत, लाल पट्ट्या, पडद्याचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक माणूस आणि चौघं एकदम बोलतात. तेलुगूत दिवसरात्र बातम्या बघायची सवय याच चॅनेलनं लावली. त्याआधी बातम्या ठरल्या वेळी यायच्या, जेवणासारख्या. टीव्ही नाईननं त्यांचं चिवड्यासारखं करून टाकलं, येता-जाता मूठभर. घोषवाक्य आहे "मेरुगैन समाजम् कोसम्", म्हणजे अधिक चांगल्या समाजासाठी. सुरुवातीला मला ते फार भारदस्त वाटायचं. सकाळी पंचांग आणि राशिफल, दुपारी सिनेमावाल्यांच्या भानगडी, संध्याकाळी राजकारण्यांची जुंपलेली, आणि या सगळ्यातून समाज अधिक चांगला होतोय, असा हिशेब.

माझं मोजमाप वेगळं आहे. एका साडीला फॉल लावायला, एक कड मशिनवर आणि दुसरी हातानं, मला साधारण चाळीस मिनिटं लागतात. एका फॉलमध्ये तीच क्लिप किती वेळा येते ते मी मोजते. एका मंत्र्यानं गाडीतून उतरताना कोणाला तरी हात झटकल्याची क्लिप एका कांजीवरम साडीच्या फॉलमध्ये अकरा वेळा आली. पदराच्या पिकोपर्यंत तो मंत्री मला घरच्यासारखा वाटायला लागला. गरम बातमीच्या दिवशी हा आकडा वाढतो. फेब्रुवारी 2018 मध्ये श्रीदेवी गेली तेव्हा तर तेलुगू चॅनेलांची पार शुद्ध हरपली. एका चॅनेलचा वार्ताहर चक्क बाथटबमध्ये उतरला. त्या संध्याकाळी मी टीव्ही बंद करून गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

पण जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायला हवं. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पाऊस कोसळला, मुसी नदी चढली. माझ्याकडे हुक-काजाला येणारी मुलगी अंबरपेठेकडची. तिला घरी सोडायचं कसं? फोनवर जो तो वेगळंच सांगत होता. टीव्ही नाईनचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून कुठला पूल चालू, कुठला बंद ते सांगत होता, खाली पट्टीवर वस्त्यांची नावं. मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेलेला दिसला आणि मी तिला रात्री दुकानाच्या वरच्या खोलीतच झोपवली. पावसात, पुरात, मतमोजणीला, मोठ्या अपघाताला टीव्ही नाईनसारखं पळणारं दुसरं कोणी नाही. त्यांची माणसं खरोखर जागेवर असतात.

भाषा मात्र धेडगुजरी. अर्धं इंग्रजी, त्याला तेलुगू शेपूट. सासऱ्यांना ते खपायचं नाही. त्यांना ईटीव्ही लागायचं, रात्री नऊच्या बातम्यांना. रामोजी रावांच्या घरचं चॅनेल, 1995 सालचं, त्याआधी 1974 पासूनचं त्यांचं ईनाडु दैनिक. ईनाडुवाले इंग्रजी शब्द दिसला की त्याला तेलुगू पोशाख चढवतात. इंटरनेटला अंतर्जालम्. बातमी सांगणारी बाई ओरडत नाही, हातवारे करत नाही, शाळेत बाई पाढे म्हणून घेतात तशी शांत सांगते. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यात काहीतरी ओळखीचं वाटेल. 2000 साली ईटीव्ही मराठी निघालं तेव्हा ते याच रामोजींचं होतं आणि चालायचं ते इथून, हैदराबादेच्या रामोजी फिल्मसिटीतून. माझ्या माहेरच्या नात्यातला एक मुलगा तिथं कामाला होता. हयातनगरकडे चौघांनी मिळून खोली घेतलेली, कंपनीच्या बसनं ये-जा. रविवारी आमच्याकडे वरणभात जेवायला यायचा आणि सांगायचा, "ताई, नांदेडची बातमी आधी हयातनगरला येते, इथं तिला पावडर-कुंकू लावतो, मग परत नांदेडला पाठवतो." महाराष्ट्रातले कितीतरी पत्रकार त्या फिल्मसिटीच्या बसमधून घडले. पुढे ते चॅनेल नेटवर्क एटीनकडे गेलं आणि 2015 मध्ये कलर्स मराठी झालं. रामोजींनी तेलुगू घर मात्र आपल्या हातात ठेवलं.

आणि मराठी वाचकांना आणखी एक गंमत सांगून ठेवते. तुमच्याकडे टीव्ही नाईन मराठी लागतं ना, तेही याच तेलुगू टीव्ही नाईनच्या घरचं. कन्नड, गुजराती, बंगाली, हिंदी अशी सगळी भावंडं. गंगोत्री इथं हैदराबादेत, बंजारा हिल्सला.

आता मुद्द्याचं. माझं गिऱ्हाईक चॅनेल बदला म्हणतं ते बातमी आवडली नाही म्हणून म्हणत नाही. इथं कुठलंही चॅनेल दिसलं की पहिला प्रश्न "एवरिदि?" कुणाचं आहे? आपल्याकडे लग्नाचं स्थळ आलं की आधी "कुणाच्यातली" विचारतात ना, अगदी तसं. आणि याचं उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महाराष्ट्रात चॅनेलचा मालक कोण हे विचारलं तर चार माणसं कपाळाला आठ्या घालतील. इथं भाजीवाली सांगेल.

साक्षी कुणाचं? आंध्राचे माजी मुख्यमंत्री जगन मोहन रेड्डींचं. वडील वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना मार्च 2008 मध्ये साक्षी पेपर निघाला, मार्च 2009 मध्ये चॅनेल. कारभार जगनच्या पत्नी भारती बघतात. एबीएन आंध्रज्योती वेमूरि राधाकृष्णांचं, ऑक्टोबर 2009 चं. हे गृहस्थ स्वतः मालक आणि स्वतःच मुलाखती घेतात, "ओपन हार्ट विथ आरके" म्हणून. मालकानंच माइक धरला की निदान आडपडदा तरी राहत नाही, मला ते बरं वाटतं. टीव्ही फाइव्ह बी. आर. नायडूंचं. तेलुगू देशम पक्षाचे चंद्राबाबू नायडू आंध्रात परत सत्तेवर आल्यावर 2024 च्या शेवटी ते तिरुमलाच्या देवस्थानम् मंडळाचे अध्यक्ष झाले. एनटीव्ही नरेंद्र चौधरींचं, भक्ती टीव्हीही त्यांचंच. कार्तिकात एनटीआर स्टेडियमवर त्यांचा कोटी दीपोत्सव असतो, तिथं मी दरवर्षी जाते, दिवा लावते, प्रसाद घेते आणि चॅनेलबद्दल मनात काही आणत नाही. टी न्यूज तेलंगणाचे पहिले मुख्यमंत्री केसीआर यांच्या पक्षाचं, म्हणजे टीआरएसचं, आताच्या बीआरएसचं. व्ही सिक्स विवेक वेंकटस्वामींचं. हे काँग्रेस, टीआरएस, पुन्हा काँग्रेस, पुन्हा टीआरएस, भाजप, पुन्हा काँग्रेस असे फिरून 2025 मध्ये तेलंगणात मंत्री झाले. त्यांच्या चॅनेलच्या बातम्यांचा वारा कुठून वाहतो हे कळायला मालकाचा मुक्काम माहीत असावा लागतो.

जगनची माणसं दुसऱ्या बाजूला "येल्लो मीडिया" म्हणतात, कारण तेलुगू देशमचा रंग पिवळा. तिकडचे साक्षीला "ब्लू मीडिया" म्हणतात. तेलंगणात केसीआरांचं गुलाबी आहेच. मी शिलाईवाली बाई, माझ्या डोक्यात हे सगळं रिळांच्या डब्यासारखं बसलंय. गुंटूरकडच्या एक पिन्नी, म्हणजे मावशी, येतात, त्यांना पिवळं रीळ. कडप्याची एक सून येते, तिला निळं. करीमनगरच्या यादम्मा येतात, त्यांना व्ही सिक्स नाहीतर टी न्यूज. तिघी एका वेळी आल्या तर मी भक्ती टीव्ही लावते. एकदा माझं लक्ष नसताना पिन्नींनी रिमोट उचलला, सुनेनं तो हातातून काढून घेतला, आणि मग्गम वर्कचा, म्हणजे हातानं भरतकाम केलेला, अर्धा झालेला ब्लाउज चहात बुडाला. तेव्हापासून रिमोट हुकांच्या डब्यात.

या गोंधळात माझ्यासारखीला टीव्ही नाईन सोयीचं होतं. कारण "एवरिदि?"चं उत्तर देताना लोक जरा अडखळायचे. "ते ना, रविप्रकाशचं." रविप्रकाश म्हणजे चॅनेल उभं करणारा, स्वतः मुलाखती घेणारा पत्रकार. पैसा गुंतवणूकदार श्रीनि राजूंचा. कंपनीचं नाव असोसिएटेड ब्रॉडकास्टिंग. दोघांपैकी कुणाच्या हातात पक्षाचा झेंडा नव्हता. याचा अर्थ चॅनेल सोवळं होतं असा नव्हे. पण ते आज याच्यावर भुंकायचं, उद्या त्याच्यावर. सगळ्या गिऱ्हाइकांना सारखाच राग यायचा आणि दुकानात शांतता राहायची.

तो राग कुठवर जातो ते 2014 मध्ये दिसलं. 2 जूनला तेलंगण वेगळं राज्य झालं. टीव्ही नाईनवर नव्या तेलंगणाच्या आमदारांची टिंगल करणारा कार्यक्रम लागला. सासऱ्यांना तो आवडला नाही आणि मलाही नाही, भाषेवरून माणसाला हसणं मला देगलूरपासून ठाऊक आहे. पण त्यानंतर जे झालं ते भलतंच. जूनच्या मध्यावर एका सकाळी टीव्ही नाईनच्या जागी निळा पडदा. एबीएनच्याही. तेलंगणभर केबलवाल्यांनी दोन्ही चॅनेलं काढून टाकली होती. सरकार म्हणालं, आमचा संबंध नाही, केबलवाल्यांनी स्वतःहून केलं. महिन्याचे पैसे घ्यायला आलेल्या केबलच्या पोराला मी विचारलं तर तो वर बोट दाखवून म्हणाला, "पैनुंचि अक्का." वरून आलंय. वर म्हणजे गच्चीवरून की आणखी वरून, ते त्यानं सांगितलं नाही. टीव्ही नाईन काही महिन्यांनी परतलं, एबीएनला त्याहून बराच जास्त काळ लागला. पिन्नी तेवढे दिवस माझ्याकडे मापं द्यायला यायच्या, पण बसायच्या नाहीत.

मग 2018 चा ऑगस्ट. अलंदा मीडिया नावाच्या कंपनीनं टीव्ही नाईनच्या कंपनीचे 90 टक्क्यांवर शेअर घेतले. अलंदाच्या मागे दोन नावं: माय होम समूहाचे जुपल्ली रामेश्वर राव आणि मेघा इंजिनिअरिंगचे पी. व्ही. कृष्णा रेड्डी. पहिले सिमेंट आणि उंच इमारतीवाले, दुसरे धरणं, कालवे, पंपहाउसवाले. चॅनेलवर काही फरक जाणवला नाही, तेच संगीत, त्याच लाल पट्ट्या. फरक कळला तो 2019 च्या मे महिन्यात. लग्नसराई, माझ्या टेबलावर ब्लाउजांचा ढीग. 9 मेला दिवसभर इतर चॅनेलांवर बातमी एकच, टीव्ही नाईनच्या ऑफिसात पोलीस. रविप्रकाशना काढलं, ते कुठे आहेत, वगैरे. कंपनी सेक्रेटरीची सही खोटी केल्याची तक्रार होती. मी टीव्ही नाईन लावून बसले, म्हटलं बघू घरातली बातमी घरचे कशी देतात. संध्याकाळी रविप्रकाश स्वतःच त्या पडद्यावर आले आणि या सगळ्या बातम्या खोट्या म्हणाले. पाठोपाठ नव्या मालकांनी त्यांना सीईओ पदावरून काढल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात कंपनीचे 18 कोटींच्या आसपास पैसे परस्पर काढल्याच्या तक्रारीवरून त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या दाराशी माइक घेऊन उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या दाराशी माइकांची गर्दी. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. तेवढंच म्हणाले, "याजमान्यम् बदललं." याजमान्यम् म्हणजे मालकी, व्यवस्थापन. हा शब्द मला तोवर फक्त कारखान्यांच्या संपाच्या बातम्यांतून माहीत होता.

तेव्हापासून टीव्ही नाईनसाठीही उत्तर तयार आहे. आणि हे उत्तर साक्षी किंवा टी न्यूजपेक्षा अवघड आहे. पक्षाचं चॅनेल ओळखणं सोपं, रंगावरून कळतं. कंत्राटदाराच्या चॅनेलला रंग नसतो. तेलंगणातल्या कालेश्वरम् प्रकल्पातली मोठी पंपहाउसं मेघाची, आंध्रातल्या पोलावरम् धरणाचं कामही त्यांच्याकडे. गोदावरीवरचा कालेश्वरम् म्हणजे आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या समोरचा. 21 जून 2019 ला उद्घाटनाला देवेंद्र फडणवीसही पाहुणे होते, आणि याच प्रकल्पातल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं फुगलेलं पाणी आपल्याच बाजूच्या शेतांत शिरतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मेडीगड्डाचे खांब खचले. ते बांधकाम मेघाचं नव्हतं, दुसऱ्या कंपनीचं होतं, हे न्यायानं सांगायला हवं. पण मार्च 2024 मध्ये निवडणूक रोख्यांतून पक्षांना देणग्या देणाऱ्यांची यादी बाहेर आली त्यात मेघाचं नाव दुसऱ्या क्रमांकावर, 966 कोटी. धरणाची बातमी, कंत्राटाची बातमी, जमिनीच्या भावाची बातमी टीव्ही नाईनवर बघताना एवढं डोक्यात असलेलं बरं. बातमी खोटी असते असं माझं म्हणणं नाही. पण साडी घेताना आपण पदर बघतो, आणि आतला काठही उलटून बघतोच ना.

गंमत अशी की केबलवरून काढायचा खेळ पुढेही चालू राहिला, फक्त बाजू बदलल्या. 2019 मध्ये जगन आंध्रात सत्तेवर आले आणि तिकडे टीव्ही फाइव्ह आणि एबीएन केबलवरून गेली, प्रकरण दिल्लीच्या दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत पोचलं. 2024 च्या जूनमध्ये चंद्राबाबू आले आणि आंध्रात साक्षी, एनटीव्ही, टीव्ही नाईन गायब. दिल्ली उच्च न्यायालयानं केबल कंपन्यांना ती परत दाखवायला सांगितली. कडप्याच्या सुनेला तिच्या आईचा फोन आला तेव्हा ती माझ्याच दुकानात होती. आई विचारत होती, आमच्याकडे साक्षी दिसत नाही, तुमच्याकडे दिसतं का? पिन्नी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी बांगड्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे पाच वर्षांपूर्वी असंच झालं होतं." एवढंच. दोघींचे ब्लाउज मी त्या दिवशी आधी करून दिले.

त्याच आठवड्यात, 8 जूनला, रामोजी राव गेले. तेलंगण सरकारनं त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. सगळी चॅनेलं दिवसभर तेच दाखवत होती, मित्रांचीही आणि ज्यांनी आयुष्यभर त्यांच्याशी भांडण केलं त्यांचीही.

करमणूक म्हणाल तर मी व्ही सिक्सचं "तीनमार" सुचवेन. तेलंगणाच्या गावरान बोलीत बातम्या, एकेकाळी बित्तिरी सत्ती आणि सावित्री या निवेदकांच्या जोडीच्या. ज्या बोलीला तेलुगू सिनेमानं वर्षानुवर्षं नोकराची आणि गुंडाची भाषा केली, ती या दोघांनी दिवाणखान्यात खुर्चीवर बसवली. देगलूरच्या बाजारातलं तेलुगू मला पहिल्यांदा टीव्हीवर ऐकू आलं ते तिथं. यादम्मा तर हसताना माप द्यायच्या, टेप हलायचा, बाही दोन बोटं सैल व्हायची. पुढे सत्ती टीव्ही नाईनवर "इस्मार्ट न्यूज"मध्ये गेला, मग साक्षीवर. माणूस तोच, विनोद तोच, पण प्रत्येक घरी कुणावर हसायचं ते वेगळं, असं यादम्मांचं मत. त्या शिकलेल्या नाहीत, टीव्हीचं परीक्षण त्यांनी लिहायला हवं होतं.

जाहिरातींबद्दल दोन शब्द. बातम्यांच्या मधे प्लॉट, साड्या, सोनं आणि गुडघेदुखी. प्लॉट गजात विकतात, 200 गज, 150 गज. कुठल्या चॅनेलवर ते सांगत नाही, पण एका जाहिरातीला भुलून आम्ही नवरा-बायको यादाद्रीकडे गेलो होतो. फुकट बस, बसमध्ये बिर्याणीचं पाकीट, माळावर चुन्याच्या रेघा आणि एक कमान. कमान मात्र पक्की, संगमरवरी. मंजुरीचा कागद मागितला तर पोरगा म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे अम्मा." बिर्याणी बरी होती. बस परत येताना त्याच प्लॉटची जाहिरात बसमधल्या टीव्हीवर लागली आणि सगळी बस गप्प झाली.

तर घ्यायचं का टीव्ही नाईन? घ्यायचं कसलं, केबलवर आपोआप येतंच. पाऊस, पूर, निकाल, संप, मोठा अपघात असला की मी तेच लावते, आवाजासकट. संध्याकाळच्या मारामाऱ्यांना आवाज बंद करते आणि नुसती पट्टी वाचते. पट्टी अजूनही वाचते, सवय आहे. धरण, जमीन, इमारत असा विषय आला की आणखी दोन चॅनेलं फिरवते. एक पिवळं, एक निळं. दोघांच्या मधे जेवढं उरतं तेवढं घेते. रात्री नऊला ईटीव्ही, कारण सासरे गेल्यावरही घरात नऊ वाजता तो आवाज नसला की चुकल्यासारखं होतं.

काल एक नवी मुलगी आली, खम्मम्‌ची, कॉलेजातली. मैत्रिणीच्या लग्नासाठी प्रिन्सेस कट हवा होता. टीव्ही नाईन चालू होतं. मी सवयीनं हुकांच्या डब्याकडे हात नेला, म्हटलं, "कुठलं लावू ग?" तिनं मोबाइलवरून मान वर केली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठलंही चालेल अक्का, मी टीव्ही बघत नाही." मग क्षणभर थांबून, "हे कुणाचं आहे?"

मी तिच्या पाठीवर टेप धरला आणि म्हटलं, सरळ उभी राहा, सांगते.